मूठ ज्याची त्याने बांधायची

१२ जानेवारी

वन्संना नमस्कार.

विनंती विशेष काही नाही, गरज विशेष आहे, म्हणून लिहिते. तुमचं-माझं गूळपीठ कधीच नव्हतं, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

ह्यांच्या अंगावरून वारं गेलं, हे तुम्हाला कळलं असेलच. तुम्ही आला नाहीत, हे आमच्याही लक्षात आहे. बोलणं बरंचसं परत आलं, पाय फरफटत का होईना चालतो. उजवा हात मात्र गेला. तेव्हापासून पुस्तकबांधणीचं दुकान मी चालवते. शिवण, पुठ्ठे, कापडी कणे, खळ शिजवणं हे सगळं इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून केलंय, त्याचं काही अडत नाही. पण कापडी बांधणीला आता विचारतं कोण? समोर यंत्रवाला बसलाय. लोक गठ्ठा देऊन चहा प्यायला जातात आणि परत येईस्तोवर त्याचं काम तयार असतं.

आता एकच काम दारात आलंय. मोठ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई जुन्या कोशाचा एक खंड घेऊन आल्या. बांधणी मामंजींची, चामड्याचा कणा, चामड्याचे कोपरे. कणा उकललाय. तो तसाच चामड्यात बांधून मार्चअखेर दाखवायचा. पसंत पडला तर कपाटभर खंड येतील आणि दुकान राहील. नाही पडला तर एप्रिलात जागा रिकामी करते, असं मालकांना सांगून बसले आहे.

चामडं तासणं मला येत नाही. ह्यांनीही ते लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं. मामंजींनी शिकवलेलं येतं ते आता फक्त तुम्हाला. सुरीला धार कशी लावायची आणि कड कशी तासायची, तेवढं लिहून पाठवाल का?

कळावे. लोभ होता असं म्हणवत नाही, म्हणून असावा असंही लिहीत नाही.

तुमची भावजय


२० जानेवारी

भावजयीस,

पत्र पोचलं. अक्षर वळणदार आहे, मजकुराबद्दल न बोललेलं बरं.

मी आले नाही, कारण मला कुणी बोलावलं नाही. सख्खा धाकटा भाऊ आडवा पडला हे मला भाजी घेताना एका ओळखीच्या बाईकडून कळावं, यातच सगळं आलं. आणि येणार तरी कुठल्या तोंडाने? माझ्या नव्हे, तुझ्या तोंडाबद्दल बोलते आहे. मी सासरी निघाले तेव्हा माझी पेटी भरायला कोण बसलं होतं, आठवतं? तूच. नवी नवरी, हातात चुडा, खाली मान. अण्णांनी, तुझ्या मामंजींनी, डोळे मिटायच्या आधी माझ्यासाठी म्हणून घडवलेली सुरी मी नमद्यात, जाड लोकरीच्या कापडात, गुंडाळून पेटीत ठेवली होती. इथे येऊन नमदा उलगडते तर आत कागद दुमडायची हाडाची घडीपट्टी. तशीच लांबी, तशीच रुंदी. फार हुशारीने केलंस.

तेव्हा शिकवीन, पण माझी सुरी परत कर. लाल चामड्याची मूठ आहे तिला. ती आली की पुढचं सगळं लिहीन.

पहिला धडा मात्र आत्ताच देते, तुझ्यासाठी नव्हे. अण्णांचे खंड यंत्रवाल्याच्या तावडीत गेलेले मला बघवणार नाहीत.

सुरीला दोन अंगं असतात. एक सपाट पाठ, दुसरा उतार. घासायचा तो उतार. पाठीने दगडावर नुसतं पडून राहायचं. उतारावर लिहायची शाई फास आणि धारेच्या दगडावर दोन-चारदा ओढ. जिथली शाई गेली तिथे दगड लागला, जिथे राहिली तिथे तुझा हात डळमळला. सगळी शाई एकसारखी जाईपर्यंत पुढे जायचं नाही. आणि घाई झाली म्हणून विजेच्या चाकावर धरशील तर याद राख. तापून पोलाद निळं पडलं की मेलं. धार लागल्यासारखी वाटते आणि पहिल्याच ओढीला टोक तुटून येतं.

तुझी नणंद, माझा काही इलाज नाही


२९ जानेवारी

वन्सं,

तुमची पेटी मी भरली हे खरं. कपडे रचले, भांडी कागदात गुंडाळली. नमद्याची गुंडाळी तुम्ही स्वतः ठेवलीत आणि मी तिला बोटही लावलं नाही. त्या घरात येऊन मला पुरता महिनाही झाला नव्हता. पुस्तक बांधतात म्हणजे दोरीने बांधतात अशी माझी समजूत होती. मी तुमची सुरी घेऊन करणार काय होते, भेंडी चिरणार? इतकी वर्षं माझ्याशी नीट बोलला नाहीत त्याचं कारण हे होतं होय! एकदा तोंडावर विचारलं असतंत तर तोंडावर उत्तर दिलं असतं.

दुकानात चामड्याची सुरी एकच आहे. मुठीला काळा दोरा गुंडाळलेला आहे, लाल चामडं नाही. ती मामंजींची, असं हे सांगतात. आजारी माणूस कशाला खोटं बोलेल?

शाईचा उद्योग केला. कडांची शाई जायची आणि मधली राहायची, कितीही घासा. हात डळमळतो म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. मग एकदा दगडावर पट्टी उभी धरून पाहिली तर दगडच मधे खोल झालेला. मागच्या फरशीवर वाळू पसरून, पाणी टाकून दगड सरळ केला, तेव्हा शाई गेली. हे तुमच्या पत्रात नव्हतं. विसरलात की वगळलंत, तुमचं तुम्हाला ठाऊक.

ह्यांना पलंगावरून दुकानातलं सगळं दिसतं. दगडाचा आवाज सुरू झाला की हे भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणतात, आजारात अशी चिडचिड व्हायचीच.

भावजय


६ फेब्रुवारी

भावजयीस,

दगड सपाट ठेवायचा हे सांगायला मी विसरले नव्हते. अण्णांच्या दुकानात दगड खोल होऊ देणारी माणसं असतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुझं तुला सुचलं हे बरं झालं. याला कौतुक समजू नकोस.

काळा दोरा काय, कुणीही गुंडाळतं. म्हणून एक विचारते, सरळ उत्तर दे. सुरी पाठ खाली करून टेबलावर ठेव, मूठ आपल्या पोटाकडे. तिची धार तिरकी कापलेली आहे. ती कुठल्या हाताकडे झुकते, डाव्या की उजव्या? एक शब्द पुरे. त्याच्याशिवाय मला पुढचं नीट सांगता येणार नाही.

धार तपासायला नखावर, मनगटाच्या केसांवर असले खेळ नकोत. खिडकीत उभी राहा आणि धार डोळ्यांसमोर धर. पांढरी रेघ चमकली तर ती बोथट कड. खरी धार दिसत नाही. घासताना पाठीच्या अंगाला बारीक खरखर येते, ती पाठ दगडावर टेकवून काढ आणि मग चामडी पट्ट्यावर सुरी उलटी ओढ. पुढे ढकललीस तर पट्टा कापला जाईल. कापला तर कळवू नकोस, मला हसू आवरायचं नाही.

मग तासायला घे. अण्णांनी बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेला शिळाछापाचा दगड असेल अजून, विकला नसलात तर. तो पुसून घे. चामड्याखाली एक कण राहिला तरी वर भोक पडतं. चामडं पालथं, मांसाकडची बाजू वर. सुरी जवळजवळ आडवी, पाठ चामड्यावर टेकलेली. आतून कडेकडे, आपल्यापासून दूर ढकलायची. पुठ्ठ्यावर दुमडायची ती कड कागदाइतकी पातळ झाली पाहिजे, पण पातळ व्हायला कुठे लागली ते बोटाला कळता कामा नये. अण्णा डोळे मिटून बोट फिरवायचे. बोट अडलं की तुकडा माझ्या अंगावर भिरकवायचे.

माझ्याकडे आता खालच्या शिंप्याच्या कात्र्या येतात धारेला. अख्ख्या गल्लीतल्या विळ्या येतात. हाताची सवय मोडलेली नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

नणंद


१४ फेब्रुवारी

वन्सं,

उजव्या. झालं समाधान?

तुम्ही डावखुऱ्या, हे मला ठाऊक आहे. तेव्हा असला प्रश्न कशासाठी विचारता तेही कळतं. इथली आहे ती एकुलती एक सुरीही आपली ठरवून न्यायची आणि माझं मार्चचं काम बुडवायचं, एवढं समजण्याइतकी अक्कल मला पुस्तकं बांधून आलेली आहे.

पट्टा कापला नाही. तुमची हसायची संधी हुकली.

चामडं मात्र जमत नाही. धारेत खोट नाही, खिडकीत धरली तर रेघ दिसत नाही. पण तासायला घेतली की आधी सरकत नाही, आणि सरकली की एकदम आत घुसते. जणू चामड्यात तिचं काहीतरी हरवलंय. आजवर एकही कड धड निघाली नाही. परवा ग्रंथपालबाई डोकावून गेल्या. टोपलीतले भोकं पडलेले तुकडे पाहून त्या खंडाची चौकशी न करताच गेल्या. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

भावजय


२१ फेब्रुवारी

भावजयीस,

उजव्या म्हणतेस, तर ती अण्णांचीच. त्या सुरीने अण्णांनी आयुष्य काढलं, तिने कधी चामड्यात तोंड खुपसलं नाही. म्हणजे दोष सुरीत नाही आणि धारेत नाही. उरलं कोण ते तूच बघ.

मूठ वर उचलतेस का? उचलू नकोस. दाब मनगटातून देतेस का? देऊ नकोस, खांद्यातून दे. दुसऱ्या हाताने चामडं ताणून धर, तोच हात आपण सगळ्यात आधी विसरतो. आणि जीभ चालवायची तेवढ्या वेळात सुरी चालव. चामडं तासायचंय, नाकाने कांदे सोलायचे नाहीत.

तुझं काम बुडवायचं असतं तर मी उत्तरच पाठवलं नसतं. एवढी साधी गोष्ट ज्या डोक्यात शिरत नाही त्या डोक्याला धार लावायचा दगड अजून निघालेला नाही.

माझी सुरी तुझ्याकडेच आहे, कुठल्यातरी डब्यात. शोध.

नणंद


२८ फेब्रुवारी

वन्सं,

सगळे डबे पालथे घातले. तुमची सुरी नाही.

मूठ उचलली नाही, दाब खांद्यातून दिला, चामडं ताणून धरलं. तुमचं पत्र समोर भिंतीला टाचून एकेक शब्द पाळला आणि आणखी दोन तुकडे वाया घालवले. मनगट सुजलंय. आता बकऱ्याच्या कातड्याचा एकच चांगला भाग उरलाय, त्यात एक कणा आणि चार कोपरे जेमतेम बसतील. तो बिघडला तर नवीन कातडं कमावून यायला महिना जाईल आणि तोवर मार्च संपेल.

मला वाटतं तुम्ही मुद्दाम चुकीचं शिकवता. पाच वाक्यं खरी आणि एक खोटं, म्हणजे कुणाला पकडता येत नाही. तिथे आरामात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि इथे दुकानाला कुलूप लागलं की म्हणायचं, बघा, बायकोने बुडवलं. तुमच्या मनासारखं होत आलंय. आनंद करा.

ह्यांनाही विचारलं, तुम्ही कसं तासत होतात ते सांगा तरी. हे म्हणाले, "नाद सोड, ती सुरीच वाईट आहे." मामंजींची सुरी वाईट म्हणणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला.

भावजय


५ मार्च

भावजयीस,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं, कारण शेवटी धाकट्याचं वाक्य होतं.

नीट ऐक. घरच्या माणसांबद्दल मी वाटेल ते बोलेन, पण सुरीबद्दल खोटं बोलणार नाही. अण्णांनी शिकवलेलं चुकीचं सांगितलं तर माझी जीभ झडेल. मी सांगितलं ते सगळं बरोबर आहे आणि तरी तुला जमत नाही, म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. ते मी नव्हे.

आता शेवटचं सांगते, मग मला लिहू नकोस. तो काळा दोरा सोड. दुसऱ्याने बांधलेल्या मुठीवर कुणाचाच हात बसत नाही. अण्णा तर नवी सुरी आली तरी आधी मूठ सोडायला लावायचे. मूठ ज्याची त्याने बांधायची, स्वतःच्या पंजात धरून, जिथे बोट टेकतं तिथे पट्टी जाड, जिथे अंगठा येतो तिथे पातळ. दोरा सोड, आणि उघड्या पोलादावर तुझ्या हाताच्या मापाची मूठ बांध. तरीही जमलं नाही तर यंत्रवाल्याकडे नोकरी धर.

नणंद


१० मार्च

वन्सं,

दोरा सोडला. खाली उघडं पोलाद नव्हतं. खाली लाल चामडं होतं.

काळं पडलेलं, पण लालच. त्यावर बोटांचे खळगे होते. मी उजव्या हातात धरली तर एकही बोट खळग्यात बसेना. डाव्या हातात धरली आणि सगळी बसली. तशीच, डाव्या हाताने, एका रद्दी तुकड्यावर ढकलून पाहिली. माझा डावा हात म्हणजे ताट धरण्यापुरता, पण चामड्याची लांब, सबंध साल निघून आली. पहिली.

आता दोन गोष्टी आहेत. पहिली माझी. तुम्ही विचारलंत तेव्हा धार डाव्या हाताकडे झुकत होती. मी मुद्दाम उजव्या लिहिलं. ह्यांनी मामंजींची म्हणून शपथ घेतली होती आणि तुम्ही ती माझ्या हातातून काढून घ्यायला बसला आहात अशी माझी खात्री होती. सुरी डाव्या हाताची आहे म्हणून माझ्या उजव्या हाताला घुसते, हे ठाऊक असतं तर मी तसं लिहिलं नसतं. एका खोट्या शब्दापायी महिना घालवला आणि कातडं घालवलं. नुकसान माझंच झालं, तेव्हा तुम्ही वेगळी शिक्षा शोधत बसू नका.

दुसरी ह्यांची. सुरी ह्यांच्या पांघरुणावर नेऊन ठेवली आणि विचारलं. डाव्या हाताने लाल मूठ चाचपली. मग म्हणाले, "अण्णांची सुरी मी चाकावर धरली होती. निळी पडली. टोक उडालं." तुमच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. घाबरून ती मोडकी सुरी ह्यांनी विहिरीत टाकली. दुकानात सुरी उरली नाही म्हणून तुमच्या नमद्यातली काढून घेतली आणि घडीपट्टी ठेवली. मी म्हटलं, "अहो, पण ती डाव्या हाताची!" तर म्हणाले, "ते चार दिवसांत कळलं. मला वाटलं होतं, सुरी राहिली की काम राहील. मग परत कशी करू?" म्हणून वर दोरा गुंडाळला आणि चामड्याचं काम परवडत नाही असं गावभर सांगत सुटले. मीही तेच सांगत होते, इतकी वर्षं, मान वर करून.

रडत होते. मी समजूत घातली नाही. उठून दुकानात आले.

तुमची सुरी सोबत पाठवते आहे. धार लावली आहे. दोरा काढून टाकलाय, लाल मुठीला मी हात लावलेला नाही. मला तुमच्याकडून आता काही नको. पण मला तुम्ही चोर म्हणत आलात आणि मी चोर नव्हते, एवढं एकदा कागदावर लिहून पाठवा. तो कागद मी ठेवून देणार आहे.

भावजय


१८ मार्च

भावजयीस,

चोर तू नव्हतीस. लिहिलं. दोनदा लिहिणार नाही.

धाकट्याला म्हणावं, बहिणीची सुरी चोरलीस त्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही, जितकं अण्णांची विहिरीत टाकलीस त्याचं वाटलं. मोडली असती तरी तिची लहान सुरी झाली असती, कोपऱ्यांना कामी आली असती. अण्णांनी एवढंही शिकवलं नाही असं होईल का? भीती वाटली होती तर माझ्याकडे यायचं. मी दोन मुस्काटात दिल्या असत्या आणि माझी सुरी आपण दोघांनी वापरली असती. पण नाही. आता रडतोय.

सुरी मिळाली. मुठीवर बोटं टेकवली. हात जाड झालाय, खळगे लहान पडतात. तुझी धार पाहिली. उतार बरा आहे. टोक गोल केलंस. शेवटी हात उचलतेस, म्हणून होतं.

घरात चामडं नाही. एक जुनी पर्स होती, तिचं अस्तर फाडून खिडकीत बसून दुपारभर तासली. साल निघत होती तोवर काही सुचत नव्हतं. पर्स संपली. मग सुरी पुढ्यात ठेवून विचार केला की आता हिचं मी इथे करणार काय? शिंप्याच्या कात्र्यांना सुरी लागत नाही. आणि तिकडे अण्णांचा खंड कणा उघडा टाकून पडलाय, मार्च संपत आलाय, आणि तुझ्याकडे सुरी नाही.

तेव्हा मी तिचा उतार फिरवला. जुना उतार होता तेवढं पोलाद दगडावर घासून घालवलं, आणि जी पाठ होती तिच्यावर नवा उतार काढला. चाक वापरलं नाही, सगळं हाताने, पाणी घालत. बोटाच्या पेराएवढी ती आखूड झाली. डाव्या हाताची होती, आता उजव्या हाताची आहे. माझ्या कामाची राहिली नाही. लाल मूठही सोडून टाकली. ती चामड्याची पट्टी पार्सलात आहे, फेकू नकोस.

हे उपकार म्हणून केलेलं नाही. तुझ्यावर माझी माया नाही आणि या वयात ती उत्पन्न व्हायची नाही. भोकं पडलेलं चामडं आमच्या दुकानातून बाहेर गेलेलं मला चालणार नाही, म्हणून केलं. तुझ्या हाताची मूठ बांध, आणि तो शेवटचा तुकडा घ्यायच्या आधी रद्दीवर हात बसव.

बिघडवलास तर मला कळवू नकोस.

नणंद


२ एप्रिल

वन्संना नमस्कार.

बिघडला नाही, म्हणून कळवते.

मूठ बांधली, तुम्ही सांगितलंत तशी, बोटाखाली जाड आणि अंगठ्याखाली पातळ. रद्दी तुकड्यांवर पहिल्याच ढकलीला साल निघाली, तेव्हा ह्यांना ऐकू जाईल अशी मी ओरडले. शेवटचा तुकडा मात्र गप्प बसून तासला. ग्रंथपालबाई सोमवारी आल्या. खंड हातात घेऊन आतल्या कडेवरून बोट फिरवलं, मग चष्मा काढून पुन्हा फिरवलं. म्हणाल्या, "कड नवी लावलीत ना? मग ती सुरू कुठे होते?" मी म्हटलं, "तुम्हीच शोधा." त्यांना सापडली नाही. परवा हातगाडीवरून कपाटभर खंड आले. जागा सोडत नाही, असं मालकांना सांगून टाकलं.

आता तुमच्या सुरीबद्दल. उतार तुम्ही चांगला काढलात, पण टोक गोल सोडलंत. शेवटी हात उचलता, म्हणून होतं. मी दगडावर नीट करून घेतलं.

आणखी एक. तुमची सुरी पाठवून दिल्यावर माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मागच्या लोहाराकडून मोठ्या करवतीचं तुटकं पातं आणलं होतं. त्याची सुरी करायची आणि कसातरी मार्च निभवायचा, असा विचार होता. दात घासून काढले आणि उतार काढायला बसले, तेवढ्यात तुमचं पार्सल आलं. मग मी उतार दुसऱ्या अंगाला काढला, डाव्या हाताचा. चाक वापरलं नाही. शाई लावून पाहिली, एकसारखी जाते. खिडकीत धरली तर धार दिसत नाही.

तिला मूठ बांधलेली नाही. ती मला बांधता येणार नाही आणि टपालानेही मी ती पाठवणार नाही. तुमचा हात आता जाड झालाय म्हणता, तेव्हा मापाला हात इथे आणावा लागेल. लाल पट्टी भिजवून, सरळ करून टेबलावर ठेवली आहे. खंड पुष्कळ आहेत आणि माझ्या एका हाताने ते उरकणार नाहीत, याला आमंत्रण समजायचं असेल तर समजा. नाही आलात तर ती सुरी पाकिटं फोडायला वापरीन.

भांडण संपलेलं नाही. ते आल्यावर करू, कामही होईल. दार मी उघडणार नाही, माझे हात खळीने भरलेले असतात. ह्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही कडी वाजवली की पलंगावरून उठायचं, इथवर चालत यायचं आणि ताईला दार उघडायचं. डाव्या हाताने का होईना, पण स्वतः. रोज दुपारी कडी काढायचा सराव चालू आहे.

भावजय